पेशीची वेस आणि चिमूटभर मीठ

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त झालेल्या विज्ञान व्याख्यानाचा मजकूर)



१९७१ सालच्या जून महिन्यातली गोष्ट आहे. पूर्व पाकिस्तानातून जीव मुठीत धरून निघालेल्या माणसांचे लोंढे पश्चिम बंगालच्या सीमेवर येऊन थडकत होते. त्या वर्षभरात भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. पावसाळा सुरू झालेला, पिण्याचे पाणी दूषित, राहायला ताडपत्री किंवा तीही नाही. अशा वस्तीत पटकी, म्हणजे कॉलरा, शिरायला वेळ लागत नाही. सीमेलगतच्या बनगाव येथील रुग्णालयात या रुग्णांसाठी दोन खोल्या होत्या आणि दोन्ही मिळून खाटा सोळा. २४ जूनला डॉ. दिलीप महालनबीस हे कोलकात्यातील छत्तीस वर्षांचे बालरोगतज्ज्ञ तेथे पोहोचले, तेव्हा खाटा केव्हाच भरलेल्या होत्या आणि उरलेले रुग्ण जमिनीवर होते. त्या जमिनीवर काय सांडलेले होते हे पटकी पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्यातच गुडघे टेकून रुग्णांच्या शिरेत सलाईन लावावे लागत होते.

आणि सलाईन संपत आले होते. शीर शोधून सुई लावणारे प्रशिक्षित हातही बोटांवर मोजण्याइतके. महालनबीसांनी तेव्हा एक निर्णय घेतला. साधे मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज ठरावीक प्रमाणात मोजून, पाण्यात कालवून, ते पाणी रुग्णांना तोंडाने पाजायचे. अगदीच अत्यवस्थ रुग्णांसाठी सलाईन राखून ठेवायचे. बाकीच्यांची भिस्त या पाण्यावर. एका लिटरला साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा आणि बावीस ग्रॅम ग्लुकोज. पुड्या कोलकात्यात भरल्या गेल्या, पाणी पिंपांत कालवले गेले, आणि पाजण्याचे काम रुग्णांच्या आईवडिलांनी, भावाबहिणींनी केले.

ज्याला मिनिटामिनिटाला जुलाब होत आहेत आणि पोटात घोटभर पाणी ठरत नाही, त्यालाच पाणी पाजायचे, हे वरवर पाहता वेड्यासारखे वाटते. त्या काळच्या बहुसंख्य डॉक्टरांनाही ते तसेच वाटत होते. तो निर्णय ज्या ज्ञानावर उभा होता ते ज्ञान आतड्यातील पेशींभोवतीच्या एका अतिसूक्ष्म पडद्याविषयीचे होते. या शाळेत शिकलेल्यांना तो पडदा 'पेशीपटल' या नावाने भेटलेला आहे. फळ्यावर पेशीची आकृती काढताना बाहेरची एक रेघ ओढली जाई आणि तिला 'निवडक्षम पारपटल' असे भारदस्त विशेषण लावले जाई. परीक्षेत एक गुण मिळवून देणारा तो शब्द पुढे आयुष्यभर विस्मरणात जातो. त्या एका रेघेत काय काय दडलेले आहे हे सांगण्यासाठी आजचे हे व्याख्यान आहे.

पेशीपटलाची जाडी सुमारे सात ते आठ नॅनोमीटर असते. या स्मरणिकेच्या एका पानाच्या जाडीत अशी दहा हजारांहून अधिक पटले एकावर एक मावतील. साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसतही नाही. त्यामुळे ते कशाचे बनले आहे हे शास्त्रज्ञांना आधी तर्काने ओळखावे लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झुरिक येथे अर्नेस्ट ओव्हरटन यांनी शेकडो पदार्थ घेऊन कोणता पदार्थ पेशीत चटकन शिरतो आणि कोणता अडतो याची चिकाटीने नोंद केली. त्यांना आढळले की जे पदार्थ तेलात सहज विरघळतात ते भराभर आत जातात. जे केवळ पाण्यात विरघळतात ते रेंगाळतात किंवा बाहेरच राहतात. म्हणजे पेशीची वेस तेलकट असली पाहिजे.

ती वेस कशी रचलेली आहे हे १९२५ साली नेदरलँड्समधील गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी मोठ्या युक्तीने दाखवले. त्यांनी रक्तातील तांबड्या पेशी घेतल्या, त्यांतील सर्व मेद काढून घेतला आणि तो पाण्यावर पसरू दिला. पाण्यावर मेदाचा एकेरी थर पसरतो. त्या थराने व्यापलेले क्षेत्रफळ त्यांनी मोजले; ते त्या पेशींच्या एकूण पृष्ठफळाच्या दुप्पट भरले. याचा अर्थ, पेशीभोवती मेदरेणूंचे एकावर एक असे दोन थर असतात. गंमत अशी की या प्रयोगात दोन चुका होत्या. पेशींतील सगळा मेद त्यांना काढता आला नव्हता, आणि पेशींचे पृष्ठफळही त्यांनी कमी मोजले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींची भरपाई केली आणि उत्तर बरोबर आले. शाळेच्या गणिताच्या वहीत असे उत्तर कोणी शिक्षकांनी मान्य केले नसते. विज्ञानाने मात्र ते ठेवून घेतले आणि पुढे इतर मार्गांनी पडताळून पाहिले.

दोनच थर का, याचे उत्तर त्या रेणूच्या अंगरचनेत आहे. या मेदरेणूला एक डोके आणि दोन शेपट्या असतात. डोक्याला पाण्याची ओढ, शेपट्यांना पाण्याचे वावडे. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप अशा रीतीने उभे राहतात की डोकी बाहेर पाण्याकडे आणि शेपट्या एकमेकींकडे, आतल्या बाजूला दडलेल्या. दोन्ही अंगांनी पाणी आणि मधोमध तेलाचा पातळ पापुद्रा. हा पापुद्रा कोणी विणत नाही, शिवत नाही. पाण्याच्या सहवासात तो स्वतःच जुळून येतो आणि थोडा फाटला तर स्वतःच सांधला जातो.

ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साईड हे वायू या पापुद्र्यातून बिनदिक्कत येजा करतात. जेथे दाटी अधिक तेथून जेथे विरळ तेथे पसरत जाणे, यालाच पाठ्यपुस्तकात विसरण म्हणतात, आणि त्याला शक्ती खर्चावी लागत नाही. परंतु मिठाच्या कणाची गोष्ट वेगळी. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे सोडियम आणि क्लोराईड असे विद्युतभार असलेले दोन भाग होतात, आणि पाण्याचे रेणू त्यांना घट्ट बिलगून बसतात. तो लवाजमा सोडून तेलात उडी घेणे त्यांना जवळजवळ अशक्य असते. ग्लुकोजचा रेणूही पाण्याचा सोबती. त्यालाही तेलातून वाट नाही. केवळ मेदाचे पटल असते तर पेशी उपाशी मेली असती.

म्हणून या पटलात ठिकठिकाणी प्रथिने रुतलेली असतात. काही आरपार, काही एका अंगाला. वेशीवर देवडी असावी, आणि देवडीवरच्या पहारेकऱ्याने ठरावीक माणसालाच आत सोडावे, तशी यांतील पुष्कळ प्रथिने ठरावीक पदार्थालाच वाट देतात. मात्र दगडी वेशीची उपमा येथे तुटते, कारण ही प्रथिने एका जागी बसून राहत नाहीत. १९७० साली फ्राय आणि एडिडिन या संशोधकांनी माणसाची एक पेशी आणि उंदराची एक पेशी यांचा संयोग घडवला. दोन्हींच्या पटलावरील प्रथिनांना वेगवेगळ्या रंगांच्या खुणा केल्या. आरंभी एक अर्ध एका रंगाचे आणि दुसरे दुसऱ्या रंगाचे दिसत होते. चाळीस मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडे मिसळून गेले. पटल हे आमटीवरच्या तवंगासारखे प्रवाही आहे, आणि प्रथिने त्यात तरंगत फिरतात. १९७२ साली सिंगर आणि निकोलसन यांनी या सगळ्या निरीक्षणांना एका चित्रात बसवले. आज पाठ्यपुस्तकात छापली जाणारी आकृती बहुतांशी त्यांचीच आहे.

आता पाण्याचा विचार केला पाहिजे, कारण पटकीचा रोगी मरतो तो पाण्यावाचून. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की तासाभरात त्यांना पाणी सुटते. वाळलेले बेदाणे पाण्यात टाकले की फुगतात. घरोघरी दिसणारा हा व्यवहार म्हणजेच परासरण. पटलाच्या ज्या अंगाला विरघळलेले पदार्थ अधिक, त्या अंगाला पाणी जाते. पाणी मेदातून थोडेफार झिरपते, आणि पुष्कळ पेशींत त्याच्यासाठी खास नळ्याही असतात. त्या नळ्यांचे प्रथिन पीटर ॲग्री यांनी १९९२ साली ओळखले आणि २००३ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. पण नळी असो वा नसो, एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाणी ओढून घेणारा पंप पेशीजवळ नाही. पाणी हलवायचे असेल तर आधी मीठ किंवा साखर हलवावी लागते; पाणी तिच्या मागोमाग येते. आजच्या विषयाची किल्ली या एका वाक्यात आहे.

मिठाला हलवणारा पंप मात्र आहे. डेन्मार्कमधील येन्स स्को यांना १९५७ साली तो खेकड्याच्या मज्जातंतूंत सापडला. नोबेल पारितोषिक मिळायला त्यांना १९९७ सालापर्यंत थांबावे लागले. हे प्रथिन शक्ती खर्चून दर फेरीत तीन सोडियम बाहेर टाकते आणि दोन पोटॅशियम आत घेते. यालाच सक्रिय वहन म्हणतात. अखंड चाललेल्या या उपशामुळे पेशीच्या आत सोडियम फार कमी राहते आणि बाहेर त्याच्या जवळजवळ दहापट असते. धरणामागे पाणी तुंबावे तसे सोडियम पेशीच्या बाहेर तुंबलेले असते आणि आत यायला वाट शोधत असते. तुंबलेल्या पाण्यावर जाते फिरवता येते. पेशीही तेच करते.

ते जाते कोणते, हे १९६० सालच्या ऑगस्टमध्ये प्राग येथे भरलेल्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडले. आतड्यातील पेशी ग्लुकोज आत ओढते कशी, विशेषतः आत ते आधीच पुष्कळ असतानाही, हे तोवर नीट उलगडलेले नव्हते. क्रेन यांचे म्हणणे असे की आतड्याच्या पटलावर एक दार आहे, आणि त्या दारातून ग्लुकोज एकटे आत येऊच शकत नाही. त्याच्या जोडीला सोडियम लागते. उतारावरून आत येऊ पाहणारे सोडियम ग्लुकोजला आपल्याबरोबर चढणीवर ओढून आणते. उलट बाजूने पाहिले तर या दारातून येण्यासाठी सोडियमलाही ग्लुकोजची सोबत हवी. दोघे मिळून आले तरच दार फिरते. पुढील संशोधनात हिशेब अधिक नेमका झाला, तो असा की एका ग्लुकोजमागे दोन सोडियम. आत आलेले सोडियम मागच्या अंगाचा तो पंप रक्ताच्या दिशेने उपसून टाकतो, ग्लुकोजही दुसऱ्या एका दाराने रक्तात उतरते, आणि या दोघांच्या पाठोपाठ, परासरणाच्या नियमाने, पाणी.

निरोगी माणसाच्या आतड्यात दिवसाकाठी सुमारे आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यातला दोन-एक लिटर खाल्ल्याप्यालेला. बाकीचा लाळ, जठररस, पित्त आणि आतड्याचे स्वतःचे स्राव. यांतील जवळजवळ सगळा पुन्हा रक्तात शोषला जातो आणि शौचावाटे जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर बाहेर पडतो. एवढ्या मोठ्या उलाढालीत तोल थोडा ढळला तरी काय होईल याची कल्पना करता येते. पटकीत तो थोडा ढळत नाही, पार उलटतो. तीव्र आजारात प्रौढ माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. डोळे खोल जातात, चिमटीत धरलेली त्वचा तशीच उभी राहते, नाडी लागेनाशी होते. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी नसतो.

हे घडते कसे, हे शोधण्याचा मान कोलकात्याकडे जातो. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी याच शहरात रोग्यांच्या आतड्यांत स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू दाखवून दिला होता. पण तो जंतू नेमके करतो काय, हे पाऊणशे वर्षे कोडेच राहिले. शंभुनाथ डे यांनी ते सोडवले. त्यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू सोडले, आणि तो तुकडा पाण्याने तट्ट फुगला. पुढे १९५९ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी दाखवले की जंतू गाळून काढून केवळ मागे राहिलेले द्रव वापरले तरीही तेच होते. म्हणजे जंतूने सोडलेले विषच पुरेसे आहे. परदेशात त्यांच्या कामाची महती पटली, १९७८ साली नोबेल प्रतिष्ठानाने पटकीवरील परिसंवादाला त्यांना बोलावले. पण त्यांच्या हयातीत भारतातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले नाही. १९८५ साली ते निवर्तले. या गोष्टीचे शल्य आजही बंगालमधील वैज्ञानिकांच्या बोलण्यात येते, आणि ते रास्त आहे.

ते विष वेशीवर काय करते हे त्यानंतर उलगडत गेले. जंतू स्वतः पेशीत शिरत नाही. बाहेरच राहून विष सोडतो. पटलावर साखरेचे धुमारे फुटलेले काही मेदरेणू असतात. विष त्यांना पकडून आत शिरते आणि पेशीतील एका कळीला असे दाबून ठेवते की ती पुन्हा सुटत नाही. त्यामुळे क्लोराईडचे दार उघडे ते उघडेच राहते. क्लोराईड आतड्याच्या पोकळीत वाहत सुटते, त्याच्यामागे सोडियम, आणि त्या दोघांच्या मागे पाणी. मीठ आत घेणारा एक नेहमीचा मार्गही त्याच वेळी बंद पडतो. अशा रोग्याला नुसते पाणी पाजले तर त्याला आत नेणारे कोणी नाही. नुसते मीठपाणी पाजले तर मिठाचा मार्ग अडलेला. दोन्ही वाहून जातात, आणि पाजणाऱ्याला वाटते की पाजल्यानेच जुलाब वाढले.

परंतु ते विष ग्लुकोज आणि सोडियमच्या जोडीच्या दाराला हात लावत नाही. ते दार भर पटकीतही शाबूत असते आणि चालू असते. अनेक वर्षे वैद्यक असे मानत आले होते की या रोगात आतड्याचे अस्तरच सोलून निघते. मग शोषण होणार कोठून? १९६०च्या सुमारास जिवंत रुग्णांच्या आतड्यातील सूक्ष्म तुकडे तपासले गेले तेव्हा अस्तर जागच्या जागी आढळले. मिठात साखर घातली की दार फिरते, मीठ आत जाते, पाणी आत जाते. क्लोराईडच्या दारातून गळती चालूच असते, पण दुसऱ्या दारातून भरणा तिच्याहून अधिक वेगाने करता येतो. आतड्याच्या अस्तराच्या पेशी तशाही चार-पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात. तेवढे दिवस माणूस जगवला की विषबाधित पेशी आपोआप निघून जातात.

या दाराचा पत्ता लागण्यापूर्वीही कोणी या उपायापर्यंत पोहोचले होते. १९५३ साली हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की त्यांनी १८६ रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचे पाणी तोंडाने देऊन बरे केले. हेही कोलकात्यातच. त्या लेखाकडे फारसे कोणी पाहिले नाही. हे रुग्ण मध्यम आजाराचे होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि मुख्य म्हणजे असे का व्हावे याचे स्पष्टीकरण तेव्हा कोणाजवळच नव्हते. ते क्रेन यांच्या मांडणीने मिळाले. १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी मोजमापासह दाखवले की हे पाणी पाजल्यास सलाईनची गरज सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटते. कोलकात्यातील ज्या केंद्रात महालनबीस काम करीत होते तेथेही असेच प्रयोग चालू होते. मात्र ते सारे रुग्णालयात, प्रत्येक थेंब मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अडाणी नातेवाइकांच्या हाती पिंप देऊन हे जमेल असे कोणी म्हटले नव्हते.

बनगावात ते करावे लागले. त्या पावसाळ्यात तेथे तीन हजारांहून अधिक रुग्णांवर उपचार झाले आणि मृत्यूंचे प्रमाण शेकडा ३.६ इतके खाली आले. तशाच परिस्थितीत इतरत्र ते शेकडा ३०च्या आसपास जात असे. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ यांनी ती छावणी स्वतः पाहिली आणि पुढे संघटनेत या उपायाचा पाठपुरावा केला. १९७८ साली 'लॅन्सेट'ने संपादकीयात सोडियम आणि ग्लुकोजच्या या जोडप्रवासाच्या शोधाला शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले. महालनबीसांना मात्र सामान्य माणूस फारसा ओळखत नव्हता. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते गेले आणि पुढच्या जानेवारीत त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

आज औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी, जिला मराठीत जलसंजीवनी हे सुंदर नाव मिळाले आहे, ती त्याच पाण्याची सुधारलेली आवृत्ती. तिच्यातील प्रमाण २००२ साली बदलले गेले. पूर्वीचे द्रावण रक्तापेक्षा किंचित संहत होते. नवे किंचित विरळ केले, म्हणजे परासरण पाण्याला आत ढकलायलाच मदत करील. या प्रमाणात सोडियम आणि ग्लुकोजच्या रेणूंची संख्या सारखी असते. जोडीला पोटॅशियम, कारण जुलाबात तेही जाते, आणि सोड्याच्या जागी अधिक टिकणारे सायट्रेट. एक लिटर पाण्यासाठी साडेवीस ग्रॅम भुकटी, त्यात ग्लुकोज साडेतेरा आणि मीठ २.६ ग्रॅम.

पटल कसे चालते हे कळले की घराघरांतील चुका कोठे होतात हेही कळते. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर द्रावण रक्ताहून कितीतरी संहत होते, कैरीच्या फोडीप्रमाणे शरीरालाच पाणी सुटते आणि मिठाचे प्रमाणही घातक होऊ शकते. उरलेली पुडी उद्यासाठी बांधून ठेवणारी काटकसर येथे महागात पडते. 'चव नाही' म्हणून वर दोन चमचे साखर घालणे हीदेखील तीच चूक. शीतपेये आणि डबाबंद फळांचे रस यांत साखर इतकी असते की त्यांची संहतता बहुधा रक्ताच्या दुपटीच्या घरात जाते, आणि सोडियम नाममात्र. म्हणजे दारावर एक जोडीदार गर्दी करून उभा आणि दुसरा आलेलाच नाही. आजारी मुलाच्या उशाशी अशी बाटली ठेवणारे सुशिक्षित आईवडील आजही कमी नाहीत. पुडी मिळालीच नाही तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सपाट भरलेले सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण सांगितले जाते. मीठ त्याहून अधिक नको. मिठाची चिमूट घातलेली भाताची पेज हा कोकणातल्या आजीचा उपायही या दाराशी जुळणारा आहे; भातातील पिष्ठाचे आतड्यात ग्लुकोजच होते, आणि ते हळूहळू सुटत असल्याने द्रावण संहत होत नाही. तांदळाच्या पिठाच्या ओआरएसवर पटकीत रीतसर चाचण्या झालेल्या आहेत आणि त्या उत्तम ठरल्या आहेत. आजीला सोडियमचे नाव ठाऊक नव्हते एवढेच.

सर्वांत मोठी अडचण मात्र प्रमाणाची नाही. या पाण्याने जुलाब थांबत नाहीत. गळणारे दार ते बंद करीत नाही. दुसऱ्या दारातून भरणा करते. औषध दिले की जुलाब थांबले पाहिजेत अशी अपेक्षा ठेवणाऱ्या आईला ते निरुपयोगी वाटते, आणि मग ती जुलाब थांबवणाऱ्या गोळीमागे धावते. बांगलादेशात १९८०पासून दहा वर्षे ब्रॅक या संस्थेच्या स्त्री कार्यकर्त्या घरोघर फिरल्या आणि एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांतील आयांना हे पाणी करायला शिकवून आल्या. अर्धा शेर पाणी, मूठभर गूळ, तीन बोटांची चिमूट मीठ. भांडे घरातले, माप हाताचे, भाषा आईची. आईच्या किती लक्षात राहिले यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. तरीही सुरुवातीला पुष्कळ घरांत ते वापरलेच जात नव्हते. चौकशीअंती उघड झाले की काही कार्यकर्त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता. आपल्या घरी आजार आला की त्या गोळ्याच घेत. तेव्हा प्रमाण पाठ करून घेणे थांबवून, आधी त्यांनाच आतड्यात काय घडते ते समजावून सांगावे लागले.

शेवटी व्यवहाराचा एक प्रश्न उरतो, आणि तो पालक नेहमी विचारतात. मूल पाजलेले ओकून टाकते, मग काय करायचे? वाटीभर पाणी एकदम पाजले तर ते ओकतेच. दहा मिनिटे थांबावे आणि मग चमच्याने पाजावे, दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. ओकले तरी सगळे बाहेर पडत नाही. प्रत्येक जुलाबानंतर पुन्हा पाजावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नये, मोठ्या मुलाचे जेवण बंद करू नये. मूल गुंगीत असेल, पिऊच शकत नसेल किंवा शौचात रक्त दिसले तर विलंब न करता रुग्णालय गाठावे, आणि वाटेतही, मूल शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर, चमचा चालू ठेवावा.